आमचा घरगुती स्टुडिओ

माझ्याकडे एक गिटार आहे. बी.कॉम.च्या दुसऱ्या वर्षाला असताना, २००० साली, शिकवण्यांच्या पैशांतून ती घेतली. 'आयुष्यभर पुरेल' असं म्हणून माणूस ज्या वस्तू घेतो त्यांतली खरोखर पुरलेली ही एकच. छत्री गेली, स्कूटर गेली, केस गेले, गिटार राहिली. कॉलेजच्या गॅदरिंगला एक मुलगी गायला उभी राहिली तेव्हा साथीला कोणी नाही म्हणून मला ढकलण्यात आलं. मला तीन कॉर्ड येत होत्या. गाण्याला चार लागत होत्या. कार्यक्रम संपल्यावर ती एवढंच म्हणाली, "तिसऱ्या ओळीला घाई करतोस." पुढे तिच्याशी माझं लग्न झालं. घाई तिथेही झाली, असं माझ्या सासऱ्यांचं शेवटपर्यंत मत होतं.

लग्नानंतर गिटार कपाटावर गेली आणि हिचं गाणं स्वयंपाकघरात. मग बँक, बदल्या, मुलगी, हप्ते. चव्वेचाळिसावं लागलं आणि मला अचानक वाटलं, की आपण वाजवलेलं काहीतरी मागे राहिलं पाहिजे. बावीस वर्षं बँकेत काम करून माझ्या हातचं मागे राहिलं आहे ते म्हणजे लेजरवरच्या सह्या, आणि त्याही हल्ली कोणी उघडून बघत नाही. तेव्हा ठरवलं, घरातच ध्वनिमुद्रण करायचं. स्टुडिओ म्हणजे आमची डोंबिवलीची आतली खोली. एका बाजूला पलंग, दुसऱ्या बाजूला कपाट, आणि मध्ये संगीत.

एक माइक आणला, गिटारसमोर उभा केला आणि वाजवायला बसलो. रेकॉर्डिंग ऐकलं तेव्हा कळलं की आपण किती गजबजलेल्या प्रदेशात राहतो! पहिल्या अर्ध्या मिनिटात कुकरच्या दोन शिट्ट्या, मग सोसायटीच्या पाण्याची मोटर, मग भंगारवाल्याची आधीच टेप केलेली आरोळी, मागे लोकलचा भोंगा, आणि वरच्या मजल्यावरचे काका ड्रिलने भिंतीत भोक पाडताहेत ते. हे काका गेली सहा वर्षं भोकं पाडताहेत. त्यांच्याकडे आता भिंत कशी उरली आहे हेच मला कळत नाही. या सगळ्यात गिटारही होती. नीट कान दिला तर ऐकू येत होती.

वाद्यांच्या दुकानातल्या मुलाने माझी हकीकत शांतपणे ऐकली आणि रुग्णाला औषध सांगावं तसं सांगितलं, "अंकल, माइकच्या भानगडीत पडू नका. डायरेक्ट घ्या." म्हणजे गिटारच्या पोटात पिकअप बसवायचा, त्याची वायर एका डबीत घालायची, डबीची वायर संगणकात. मध्ये हवा नाही. हवा नाही म्हणजे कुकर नाही, काका नाहीत. बँकेत आम्ही 'थ्रू प्रॉपर चॅनेल' या तीन शब्दांवर आयुष्य काढलं. त्यामुळे 'डायरेक्ट' या शब्दाने मला एकदम मोकळं वाटलं. मी पैसे मोजले.

सवयीने, पैसे मोजून झाल्यावर मी चौकशीला लागलो. ही युक्ती मुळात काढली कोणी? आणि का? वाचत गेलो तेव्हा एक गोष्ट ध्यानात आली. आसपासच्या आवाजाने गांजलेला गिटारवाला हा काही डोंबिवलीचा शोध नव्हे. ती फार जुनी जमात आहे.

या जमातीचे मूळ पुरुष म्हणजे लेस पॉल. जन्म १९१५, गाव अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन राज्यातलं वॉकेशा. पोरवयात हे गृहस्थ एका रस्त्याकाठच्या खाणावळीपाशी गाऊन-वाजवून चार पैसे मिळवीत. गिऱ्हाइकं मोटारीत बसून खाणार. एकाने तक्रार केली, की गाणं ऐकू येतं पण गिटार ऐकू येत नाही. आपण असतो तर जोराने वाजवलं असतं. याने घरी जाऊन ग्रामोफोनची पिन गिटारच्या लाकडात खुपसली आणि तिची वायर रेडिओला जोडली. असं तो स्वतः पुढे अनेकदा सांगत असे. गिटारचा आवाज हवेत न सोडता थेट वायरीत घालायचा, ही कल्पना एका पोराला खाणावळीच्या दारात सुचली, ती गिऱ्हाइकाच्या तक्रारीवरून. आमच्याकडे तक्रारीसाठी पेटी आहे. तिची किल्ली कोणाकडे आहे याचा शोध चालू आहे.

माझ्या गिटारमध्ये बसवलेल्या पिकअपचं कूळ मात्र आणखी जुनं आहे. १८८० साली पॅरिसमध्ये जाक आणि पिएर क्यूरी या भावांनी दाखवून दिलं, की काही स्फटिक दाबले की त्यांच्यावर वीज तयार होते. पिएर म्हणजे पुढे मादाम क्यूरींचे यजमान झाले ते. त्यांनी तपासलेल्या पदार्थांत क्वार्ट्‌झ होता, टुर्मलीन होतं आणि, महाराष्ट्राने अभिमानाने ऐकावं, उसाची साखरही होती. साखर दाबली तर वीज निर्माण होते! आपल्याकडे साखर दाबून काय काय निर्माण झालं ते सर्वांना ठाऊक आहे. सत्ता झाली, कॉलेजं झाली, क्यूरी बंधूंचं मात्र विजेवरच भागलं. या गुणाला पिएझो म्हणतात. गिटारच्या तारा ज्या पट्टीवर टेकतात तिच्याखाली असा स्फटिकाचा पदार्थ ठेवला, की तारांच्या कंपनाने तो दाबला जातो आणि आवाजाची वीज होते.

ही पट्टीखालची युक्ती घराघरात पोचवण्यात ज्याचा मोठा वाटा, तो चार्ल्स कामान हा मनुष्य हेलिकॉप्टरं बनवत असे. १९४५ साली त्याने कारखाना काढला. हेलिकॉप्टरवाल्याचं आयुष्य यंत्राची थरथर कमी करण्यात जातं. कामानला गिटार वाजवण्याचा नाद होता. इतकी वर्षं थरथर मारली, आता थोडी वाढवून पाहू, असं त्याच्या मनात आलं असावं. १९६६ च्या सुमारास त्याने ओव्हेशन नावाच्या गिटारी काढल्या. पाठ लाकडाची नाही, फायबरग्लासची, आणि कलिंगडाच्या फोडीसारखी गोल. सत्तरीच्या दशकाच्या आरंभी त्यात पट्टीखालचा पिएझो आणि पोटातला छोटा ॲम्प्लिफायर आला. त्याआधी, १९५४ पासून, गिब्सन कंपनीची जे-१६०ई नावाची एक गिटार होती. दिसायला साधी लाकडी, पण गळ्याच्या टोकाशी लोहचुंबकाचा पिकअप दडवलेला. जॉन लेनन आणि जॉर्ज हॅरिसन यांनी १९६२ साली त्याच घेतल्या. लोकांना वाटायचं साधी गिटार आहे. आतून वायर निघालेली असायची. आमच्या शाखेतही असे काहीजण आहेत.

मोठ्या उत्साहाने मी वायर खुपसली, वाजवलं, ऐकलं. आवाज आला तो चिवट, कोरडा आणि सर्दी झालेल्या बदकासारखा. खर्ज गायबच. दुकानातला मुलगा फोनवर म्हणाला, "अंकल, तुम्ही माइकच्या भोकात घातलीत वायर. इम्पिडन्स जुळत नाही."

इम्पिडन्स हे प्रकरण इंजिनिअरांना चार वर्षांत कळतं. मला बँकेमुळे चटकन कळलं. आमच्याकडे जुन्या घराण्यातले काही खातेदार येतात. अब्रू मोठी, रोकड कमी. नाव ऐकून मॅनेजर उठून उभा राहतो, आणि खात्यात शिल्लक तीनशे बारा रुपये. पिएझोचं तसंच असतं. व्होल्टेज म्हणजे अब्रू भरपूर, करंट म्हणजे रोकड जवळजवळ नाहीच. माइकसाठीचं भोक काही हजार ओहमचं असतं, ते येणाऱ्याकडे रोख मागतं. अशा काउंटरवर हा खानदानी माणूस उभा केला की कोसळतोच, आणि आधी खर्ज बुडतो. त्याला दहा लाख ओहम किंवा त्याहूनही जास्तीचं काउंटर लागतं, म्हणजे जे काही न मागता नुसतं ऐकून घेतं. हे ऐकून घेणारी डबी म्हणजे प्रीॲम्प, किंवा डीआय बॉक्स. तो अब्रू पाहतो, रोकड मागत नाही, आणि आपल्या जामिनावर पुढे भक्कम पत्र देतो. ते पत्रही दोन प्रतींत, एक सुलट आणि एक उलट. लांबच्या वाटेत विजेची जी घरघर चिकटते ती दोन्ही प्रतींना सारखीच चिकटते. शेवटी एकीतून दुसरी वजा केली की घरघर शून्य होते आणि गाणं शिल्लक राहतं. ही नामे-जमेची दुहेरी नोंदच झाली! कॉमर्सला चार वर्षं गेली ती अगदीच वाया गेली नाहीत (तीन वर्षांचा कोर्स होता, पण तो वेगळा विषय आहे).

योग्य डबी आणली आणि आवाज सुधारला. आता खरा स्टुडिओ सुरू झाला. रोज रात्री जेवण झालं की मी आतल्या खोलीत जायचो, दार लावायचो, कानांना हेडफोन. घरात राहून घराबाहेर असल्याचं सुख मला पहिल्यांदाच मिळत होतं. स्वतःला घरगुती स्टुडिओवाल्यांच्या थोर परंपरेत बसवण्यासाठी मी आणखी वाचायला घेतलं.

त्या परंपरेतही पुन्हा लेस पॉलच पहिल्या पाटावर. हॉलिवूडमध्ये याने घराच्या गॅरेजात स्टुडिओ थाटला. १९४८ च्या जानेवारीत बर्फाळ रस्त्यावर मोटारीला अपघात होऊन उजव्या हाताचा चुराडा झाला. हात सरळ होणार नाही असं कळल्यावर याने डॉक्टरांना सांगितलं, की मग गिटार धरता येईल अशा कोनात वाकवून बसवा. १९४९ साली गायक बिंग क्रॉस्बीने त्याला अँपेक्सचं टेप यंत्र भेट दिलं. याने त्यात एक जादा हेड बसवून घेतलं आणि आधीच्या आवाजावर नवा आवाज चढवायची सोय केली. यात गोम अशी, की नवा थर चढला की आधीची टेप पुसली जायची. अकराव्या थराला चूक झाली तर पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. खाडाखोड चालणार नाही, हा नियम मी फक्त बँकेतच पाहिला होता. विजेच्या गिटारची वायर तो सरळ यंत्रात घालायचा आणि बायको मेरी फोर्ड हिला माइकच्या अगदी जवळ उभं करून गाऊन घ्यायचा. त्या काळी गाणाऱ्याने माइकपासून हातभर लांब राहण्याची रीत होती. १९५१ साली असं केलेलं त्यांचं 'हाऊ हाय द मून' अमेरिकेत नऊ आठवडे पहिल्या क्रमांकावर होतं. त्यातल्या सगळ्या गिटारी त्याच्या, सगळे गळे तिचे. नवराबायकोच्या संसारात आवाज इतक्या वेळा चढूनही बेसूर झाला नाही असं हे एकच उदाहरण माझ्या पाहण्यात आहे.

दुसरं घराणं डेट्रॉइटचं. १९५९ साली बेरी गॉर्डी याने घरच्यांच्या फंडातून आठशे डॉलर कर्ज काढलं. कुटुंबातल्या माणसांनी थोडे थोडे पैसे टाकून हा फंड उभा केला होता. म्हणजे पतपेढीच की! वेस्ट ग्रँड बुलेव्हार्डवर एक राहतं घर घेतलं, स्वतः वर राहिला आणि खाली स्टुडिओ केला. तीच मोटाउन. पोटमाळ्यावर आवाज घुमवायची खोली केली. जागा इतकी अपुरी, की गिटारवाले ॲम्प्लिफायर न मांडता वायर सरळ मिक्सरच्या टेबलात घालत. आठशे डॉलरच्या कर्जातून जगभर गाजलेली गाणी निघाली. आमच्याकडे तो अर्ज आला असता, तर 'कर्जाचे प्रयोजन : गाणी' हे वाचून तो कुठल्या ढिगाखाली गेला असता हे मी अगदी खात्रीने सांगू शकतो. तो ढीग माझ्याच टेबलावर असतो.

इतकं वाचून छाती फुगली, पण माझं रेकॉर्डिंग ऐकलं की पुन्हा खाली बसायची. सर्दी गेली होती, पण आवाजात काहीतरी नव्हतं. कारण पुढे कळलं. पट्टीखालचा पिकअप फक्त तारांचा दाब मोजतो. गिटार मात्र सगळी वाजते. तिचं पोट वाजतं, पाठ वाजते, भोकातून हवा आत-बाहेर करते, ती हवा भिंतींना लागून परत येते, आणि या सगळ्याला आपण गिटारचा आवाज म्हणतो. वायरीला यातलं काही ऐकू येत नाही. वायरीच्या लेखी गिटार कुठल्याच खोलीत नसते. १९८९ पासून एमटीव्हीवर 'अनप्लग्ड' नावाचा कार्यक्रम गाजला. नाव असं, पण कित्येकांच्या गिटारींना वायरी होत्याच. १९९३ साली तिथे कर्ट कोबेनने वाजवलेल्या मार्टिन गिटारला पिकअप होता आणि त्याची वायर थेट ॲम्प्लिफायरपर्यंत गेली होती. त्याने निदान ॲम्प्लिफायरची हवा तरी हलवली. माझ्याकडे तीही नव्हती.

यावरही आता उपाय आहे. इम्पल्स रिस्पॉन्स नावाची फाइल मिळते. एखादी उत्तम गिटार चांगल्या खोलीत माइकने कशी ऐकू येते याचा तो ठसा असतो. आपल्या कोरड्या आवाजावर तो गणिताने चढवायचा. मी एक ठसा घेतला. एका अनोळखी, उंच छताच्या खोलीची हवा माझ्या गिटारला चढली. मुलगी नववीत आहे. ती म्हणाली, "बाबा, म्हणजे आपल्या खोलीचा आवाज नको म्हणून वायर आणली, आणि मग दुसऱ्यांच्या खोलीचा आवाज विकत आणला?" इतका सरळ हिशेब आमचे ऑडिटरही मांडत नाहीत.

मग ती म्हणाली, "आणि बाहेर हॉलमध्ये तुमची गिटार मस्त ऐकू येते."

मी चपापलो. खरंच होतं. दाराआडून का होईना, घरातल्या सगळ्यांना तीन महिने खरी गिटार ऐकू येत होती. हेडफोनमध्ये वायरीचा आवाज ऐकणारा घरात मी एकटाच होतो.

लेस पॉल आणि मेरी फोर्ड यांचा १९६४ साली घटस्फोट झाला, हे मी त्याच सुमाराला वाचलं. दौऱ्यांना आणि त्या सगळ्या गदारोळाला मेरी कंटाळली होती. ती १९७७ साली गेली. तो मात्र नव्वदी ओलांडल्यावरही दर सोमवारी न्यूयॉर्कमध्ये वाजवत होता, २००९ साली चौऱ्याण्णवाव्या वर्षी गेला. इतके थर चढवले, पण टेपवर एक सोय असते आणि संसारात ती नसते. पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करता येत नाही. ते वाचून मी हेडफोन काढला आणि पाणी प्यायला बाहेर गेलो. ही ओट्याशी उभी होती. काही बोललो नाही. बोलण्यासारखं काय होतं?

पुढच्या रविवारी गिटारच्या पोटातली नऊ व्होल्टची बॅटरी संपली. कोपऱ्यावरचं दुकान बंद. हात तर शिवशिवत होते. नाइलाजाने जुना माइक काढला. मनाला आधार म्हणून ब्रूस स्प्रिंगस्टीनची गोष्ट आठवली. १९८२ च्या जानेवारीत न्यू जर्सीतल्या भाड्याच्या घरात, झोपायच्या खोलीत, त्याने दोन साधे माइक आणि टास्कॅमचं चार ट्रॅकचं कॅसेट यंत्र घेऊन काही गाणी टेप केली. नुसता कच्चा खर्डा होता तो. कॅसेट डबीशिवाय खिशात घेऊन हिंडत होता. नंतर मोठ्या स्टुडिओत सगळा वाद्यवृंद बसवून तीच गाणी केली, आणि ती गोष्ट काही केल्या येईना. शेवटी त्या कॅसेटवरूनच 'नेब्रास्का' ही रेकॉर्ड निघाली. म्हणजे झोपायच्या खोलीला अगदीच वाईट दिवस नाहीत.

दार उघडंच ठेवलं, कारण उकडत होतं. गॅदरिंगचं ते जुनं गाणं वाजवलं. चौथी कॉर्ड आता मला येते. संपल्यावर ऐकायला लावलं. गिटार गोल, भरलेली, लाकडाची. ऐंशी सेकंदांवर कुकरची शिट्टी. काकांचं ड्रिल, पण लांबून, तंबोऱ्यासारखं. आणि दुसऱ्या ओळीपासून, भांड्यांच्या आवाजातून, एक बाई गुणगुणत होती. माइकपासून वीस फूट लांब. तिसऱ्या ओळीला ती थांबली, आणि टेपवर स्वच्छ ऐकू आलं, "अरे, घाई करतोस!"

मी स्वयंपाकघरात गेलो. म्हटलं, "हे आज म्हणालीस?"

कॉलेजातली ओळख असल्यामुळे ही मला चारचौघांत 'अहो' आणि घरात 'अरे' म्हणते. ती म्हणाली, "अरे, आज काय? तीन महिने रोज म्हणतेय. तुझ्या कानात ते असायचं."

बॅटरी आणली आहे, पण अजून बसवलेली नाही. इम्पल्स रिस्पॉन्सचे पैसे मी सस्पेन्स खात्यात टाकले आहेत. आता येत्या रविवारी कुकर आधी लावून घ्यायचा आणि हिला माइकजवळ उभं करायचं असा बेत आहे. मी तसं विचारलंही. ती कणीक मळत होती. वर न बघता म्हणाली, "बघू. आधी ती तिसरी ओळ नीट कर."